विंचवाचं बिऱ्हाड ट्रेलरवर

‘अगं, घर बांधतोय मी. बघायला ये. आणि येताना जुने कपडे आण. नुसतं बघायचं नाहीये, ठोकाठोकी करायचीये!’

दादाचा, म्हणजे माझ्या मावसभावाचा हा फोन आला, तेव्हा मी घोडबंदर रोडवरच्या एका सॅम्पल फ्लॅटच्या चकाचक किचनमध्ये उभी होते. सोबत माझा होणारा नवरा आणि समोर टाय लावलेला सेल्सचा मुलगा. टू बीएचके, मॉड्युलर किचन, जिम, स्विमिंग पूल... अॅमेनिटीजची यादी मारुतीच्या शेपटीसारखी संपतच नव्हती. आम्ही आदल्याच आठवड्यात एक लाखाचं टोकन भरून बसलो होतो. अॅग्रीमेंट दिवाळीच्या पाडव्याला. मुहूर्त अर्थातच माझ्या आईने काढलेला.

गणित सोपं होतं. साठ लाखांचं लोन, वीस वर्षं, साडेआठ टक्के. महिन्याचा हप्ता साधारण ५२ हजार. वीस वर्षांत बँकेला परत करायचे सव्वा कोटी. आणि त्यात एक बारीकशी अट होती. माझी फ्रीलान्सिंगची कमाई म्हणजे श्रावणातलं ऊन. एका महिन्यात तीन चेक, पुढच्या दोन महिन्यांत शून्य. एवढा हप्ता भरायचा तर मी कुठल्यातरी कंपनीच्या कॉर्पोरेट कम्युनिकेशनमध्ये नोकरी धरायची, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं? तसं कुणीच नाही. घर घेताना अशा गोष्टी आपोआप ठरतात.

‘किती मोठं बांधतोयस?’ मी दादाला विचारलं.

‘दोनशे चार स्क्वेअर फूट. चाकांसकट!’

सॅम्पल फ्लॅटची मास्टर बेडरूम आणि तिचं टॉयलेट मिळून तेवढं होत असेल. मी खोखो हसले. सेल्सवाला दचकला.

तर मंडळी, नोकरीला जुंपण्याआधीची शेवटची मोठी सुट्टी म्हणून मी सप्टेंबर २०२५च्या मध्यावर अमेरिकेत पोर्टलंडला उतरले. तिकीट दादाच्या क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सवर. बॅगेत जुने कपडे आणि मावशीने दिलेला लसणाच्या चटणीचा डबा.

दादाचं अमेरिकन ड्रीम तुम्हाला ओळखीचं वाटेल. इंजिनीअरिंग, एमएस, चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, लग्न, मग चार बेडरूमचं घर. चोवीसशे चौरस फूट. माणसं दोन. तिकडे हे काही विशेष नाही. १९७३ साली अमेरिकेत बांधल्या जाणाऱ्या नव्या घराचा सरासरी आकार १६६० चौरस फूट होता, २०१५ पर्यंत तो २६८७ झाला. या काळात कुटुंबं मात्र लहान होत गेली. दादाच्या घरात दोन खोल्या अशा होत्या, ज्यांचे दिवे तो फक्त व्हॅक्युम क्लीनर फिरवायला लावायचा. पुढे डिव्होर्स झाला. मग २०२४ मध्ये ले-ऑफ. ग्रीन कार्ड हातात होतं म्हणून देश सोडावा लागला नाही, पण घर सोडावं लागलं. विकलं, कर्ज फेडलं, उरलेल्यातून ट्रेलर घेतला.

ट्रेलर म्हणजे काय, तर चार चाकांची सपाट लोखंडी गाडी. इंजिन नाही, मागे जोडून ओढायची. चोवीस फूट लांब आणि साडेआठ फूट रुंद. ही साडेआठ फुटांची लक्ष्मणरेषा आहे. त्यापेक्षा रुंद काही रस्त्यावर न्यायचं तर स्पेशल परमिट लागतं. उंचीलाही मर्यादा, बहुतेक राज्यांत जमिनीपासून साडेतेरा फूट, नाहीतर पुलाखाली अडकून पेपरात फोटो येणार. त्यातले दोनेक फूट ट्रेलरच खातो. उरलेल्या साडेअकरा फुटांत जमीन, किचन, माळा आणि छप्पर.

माळा! दादाने प्लॅन दाखवला तेव्हा मला हसूच आलं. ‘लॉफ्ट बेडरूम’ असं झोकात लिहिलं होतं. ‘अरे दादा, हा तर पोटमाळा!’

‘मग? आजोळची खोली आठवूनच काढलंय सगळं.’

आमचं आजोळ म्हणजे वरळीची बीडीडी चाळ. १९२०च्या दशकात बांधलेल्या त्या काँक्रीटच्या थोराड इमारती, मधून लांबच लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला सगळ्या मजल्याचे मिळून संडास. खोली १६० चौरस फुटांची. त्यात आजी-आजोबा, मामा-मामी, त्यांची मुलं आणि मे महिन्यात आम्ही भाचरं. म्हणजे दादाचं अमेरिकेतलं ‘टायनी हाऊस’ आमच्या आजोळपेक्षा ४४ चौरस फुटांनी ऐसपैस होतं. तेही एका माणसाला!

दुसऱ्याच दिवशी माझ्या हातात ड्रिल आलं.

मी मास कम्युनिकेशनवाली. आयुष्यात भिंतीला खिळा मारायचा तरी इलेक्ट्रिशियनला फोन करणारी. पण तीन आठवड्यांत मी जे शिकले ते कॉलेजच्या तीन वर्षांत शिकले नव्हते. भिंतीचे उभे लाकडी खांब सोळा-सोळा इंचांवर येतात. त्यावर प्लायवुड नुसतं ठोकून चालत नाही, आधी गोंद आणि मग स्क्रू. भिंतीचा खालचा पट्टा ट्रेलरच्या लोखंडी चौकटीला जाड बोल्टांनी जखडायचा. जिथे जिथे दोन लाकडं भेटतात, तिथे स्टीलची पट्टी. मी कंटाळून म्हटलं, ‘एवढं कशाला रे?’ तर म्हणाला, ‘साधं घर आयुष्यभर एका जागी उभं राहतं. हे घर हायवेवर गेलं की त्याला भूकंप आणि वादळ एकाच वेळी सोसायचंय.’

सगळ्यात भारी प्रकार म्हणजे घराचं वजन. आपण घराचा एरिया विचारतो, रेट विचारतो, वास्तू विचारतो. वजन कधी कुणी विचारलंय? दादाच्या ट्रेलरची क्षमता १४ हजार पौंड, म्हणजे सव्वासहा टनांच्या आसपास. त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजन आलं. त्यामुळे प्रत्येक वस्तूची वजनासकट नोंद एका वहीत. फ्रीज, शेगडी, पाण्याची टाकी, पुस्तकं. शिवाय ते वजन कुठे बसतं यालाही महत्त्व. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढे, ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर यायला हवा. मागचा भाग जड झाला तर वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि मग सगळंच उलटतं. म्हणून पुस्तकांचं कपाट मागून उचलून पुढे आलं. छप्पर पत्र्याचं, कारण ते हलकं.

एका संध्याकाळी वहीत ‘कपडे – ४० पौंड’ असं लिहिलेलं बघून मी गप्प झाले. अठरा-वीस किलो. माझ्या नुसत्या कुर्त्यांचंच वजन तेवढं भरेल.

‘आणि बाकीचं सामान?’

‘विकलं, दिलं, टाकलं. सुरुवातीला फार त्रास होतो. मग आठवतच नाही काय काय होतं ते.’

काम घाईचं होतं, कारण पोर्टलंडचा पाऊस ऑक्टोबरच्या तोंडावर धरतो आणि मग महिनोन् महिने पाठ सोडत नाही. त्याआधी छप्पर झालंच पाहिजे. मला आजोबांच्या गावची शाकारणी आठवली. मे संपता संपता कौलं काढून, झाडून, पुन्हा लावायची. अख्खी वाडी एकमेकांच्या छपरावर. इथे छपरावर आम्ही दोघंच. वासे चढवताना दादाचा एक पाय शिडीवर, एक भिंतीवर आणि तोंडात स्क्रू. तेवढ्यात मला म्हण सुचली. ‘दादा, घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात ना? तुझं घर तर फिरायलाच बांधलंय!’ तो इतका हसला की स्क्रू खाली पडले. मग दहा मिनिटं मी गवतात स्क्रू शोधत होते.

गवत कुणाचं? हाच तर खरा मुद्दा.

ट्रेलर उभा होता एका सत्तरी पार केलेल्या आजीबाईंच्या परसात. पुढे त्यांचं जुनं घर, मागे हिरवळ, सफरचंदाचं झाड आणि त्याखाली आमचं विंचवाचं बिऱ्हाड. दादा त्यांना महिना सहाशे डॉलर भाडं द्यायचा आणि वर त्यांचे गटर साफ करणे, बल्ब बदलणे वगैरे फुकट. काम चालू असेपर्यंत त्यांच्याच बेसमेंटमधल्या खोलीत त्याचा मुक्काम. मीही तिथेच.

मला वाटायचं, चाकांचं घर म्हणजे फुल टू रोमँटिक भटकंती. आज समुद्र, उद्या डोंगर. दादाने पहिल्याच दिवशी हवा काढली. ‘वेडी आहेस का? हे हलवायला मोठा ट्रक लागतो, पेट्रोल पाण्यासारखं जातं. बहुतेक लोक वर्षानुवर्षं एकाच जागी असतात.’

‘मग चाकं कशाला?’

‘कायद्यासाठी!’

ही गोष्ट मला फार इंटरेस्टिंग वाटली. अमेरिकेत घर फार मोठं नसावं असा नियम सहसा नसतो, पण ते फार लहान नसावं असे नियम ठिकठिकाणी आहेत. तिथल्या मॉडेल बिल्डिंग कोडमध्ये घरातली किमान एक खोली १२० चौरस फुटांची हवी अशी अट होती. २०१५च्या आवृत्तीत ती निघाली. शिवाय गावोगावचे आपापले नियम वेगळे. १९९९ मध्ये जे शेफर नावाच्या माणसाने आयोवा राज्यात शंभर चौरस फुटांहूनही लहान घर बांधलं. नियमात बसेना, म्हणून त्याने ते चाकांवर चढवलं. चाकं लागली की कायद्याच्या लेखी ते घर उरत नाही, वाहन होतं. आता नियम बिल्डिंगवाल्यांचे नाहीत, आरटीओवाल्यांचे! शेफरने पुढे अशा घरांचे प्लॅन विकायला कंपनी काढली आणि तो या चळवळीचा एक प्रकारे आजोबाच झाला. गंमत म्हणजे लग्न आणि मूल झाल्यावर तो स्वतः ५०० चौरस फुटांच्या घरात गेला. संसार कुणाला चुकलाय!

दादाची हिरॉइन मात्र डी विल्यम्स. पोर्टलंडमध्ये स्वतःचं घर असलेली ही बाई हृदयाच्या गंभीर आजाराने हादरली. किती वर्षं हातात आहेत कोण जाणे, ती हप्ते फेडण्यात आणि गळकं घर दुरुस्त करण्यात का घालवायची, असा विचार करून तिने घर विकलं आणि २००४ मध्ये स्वतःच्या हाताने ८४ चौरस फुटांचं घर ट्रेलरवर बांधलं. खर्च साधारण दहा हजार डॉलर. २०१४ मध्ये तिचं ‘द बिग टायनी’ हे पुस्तक आलं. दादाच्या प्रतीला आता लाकडाचा भुसा आणि लसणाची चटणी दोन्ही लागलेलं आहे.

२००८ मध्ये अमेरिकेत घरकर्जांचा फुगा फुटला, लाखो लोकांची घरं बँकांनी जप्त केली आणि मग लोकांना या खेळण्यातल्या घरांमध्ये एकदम अर्थ दिसायला लागला. पुढे टीव्ही शोज आले, मॅगझिनची कव्हरं आली. कायदाही हळूहळू वितळला. २०१८च्या मॉडेल कोडमध्ये ‘टायनी हाऊस’ची व्याख्या आली, ४०० चौरस फूट किंवा त्याहून लहान. पण ती पायावर उभ्या घरांसाठी. चाकांवरच्या घराला परसात राहू द्यायचं की नाही, ते जो तो गाव ठरवतो. पोर्टलंड शहराने २०२१ पासून राहत्या घराच्या आवारात असं एक घर उभं करायला रीतसर परवानगी दिली. आत नळ-संडास असेल तर सांडपाणी शहराच्या गटारलाइनला जोडायचं, एवढं पाळायचं.

संडासावरून आठवलं. दादाचा पहिला प्लॅन होता बादली आणि भुशाचा. खरंच! कंपोस्ट टॉयलेट म्हणतात त्याला. वापरून झालं की वर लाकडाचा भुसा टाकायचा. मी म्हटलं, ‘दादा, चाळीत टमरेल घेऊन लाइनीत उभा राहिलास, एमएस केलंस, आणि आता पुन्हा बादलीवर?’ त्याने निमूटपणे पाइप टाकून घेतला.

छप्पर झालं ते २८ सप्टेंबरला. दुसऱ्या रात्री पाऊस आला. आम्ही दोघं स्लीपिंग बॅगा घेऊन अर्धवट घरातच झोपायला गेलो. मी माळ्यावर, तो खाली. पत्र्यावर ताडताड आवाज. इतकं सुख मला कुठल्याही फाइव्ह स्टार हॉटेलात मिळालेलं नाही. सकाळी उठले तर काचेवरून आतून पाण्याच्या धारा! दोन माणसांचा रात्रभराचा श्वास. एवढ्याशा बंद जागेत तो जाणार कुठे? ‘पंखा बसवला नाही तर गादीखाली बुरशी येते,’ दादा म्हणाला. लहान घरात स्वतःच्या श्वासाचीही व्यवस्था करावी लागते. मी उठता उठता वाशाला डोकं आपटलं ते वेगळंच.

त्या सकाळी मी आईला व्हिडिओ कॉल केला. पोर्टलंड आणि डोंबिवलीत साडेबारा तासांचा फरक, त्यामुळे तिची रात्रीची जेवणं चालली होती. मी उत्साहात घर दाखवलं. शिडी, माळा, घडीचं टेबल. ‘बघ ना आई, माणसाला लागतं किती? आम्ही उगाच एवढं मोठं लोन...’

आईने घास खाली ठेवला.

‘त्या एकशे साठ फुटांत मी लग्न होईपर्यंत राहिले,’ ती म्हणाली. ‘कपडे बदलायला आडोसा नव्हता. दहावीचा अभ्यास पॅसेजमधल्या दिव्याखाली केला. रात्री संडासला जायचं तर आजीला उठवायला लागायचं. तुझ्या दादाला हौस आहे, त्याने करावी. मला छोट्या घराचं कौतुक सांगू नकोस.’

फोन ठेवला आणि बराच वेळ मी त्या सुंदर माळ्यावर मुकाट बसून राहिले. खरं होतं तिचं. चोवीसशेवरून दोनशेवर येणं ही निवड असते. एकशे साठमध्ये नऊ जणांनी राहणं ही निवड नसते. मी ते दोन्ही एका वाक्यात बसवायला निघाले होते.

पण गोष्ट इथे संपली नाही.

दसऱ्याच्या दिवशी, २ ऑक्टोबरला, मी आंब्याची पानं मिळेनात म्हणून सफरचंदाच्या पानांचं तोरण बांधलं. आजीबाईंनाही चहाला बोलावलं. त्यांनी घर बघितलं, लाकडावरून हात फिरवला, खूप कौतुक केलं. मग कप खाली ठेवून हळूच म्हणाल्या की त्यांचा मुलगा अॅरिझोनात आहे, त्याला आईला एकटं ठेवायचं नाहीये, उन्हाळ्याच्या आत हे घर त्या विकणार आहेत. नवा मालक तुला ठेवेलही कदाचित. त्यांचे डोळे भरून आले होते. राग तरी कुणावर धरणार?

‘नो प्रॉब्लेम,’ दादा म्हणाला. ‘चाकं आहेत ना!’

आणि मग दोन दिवस तो फारसा बोललाच नाही. रात्री बघावं तर लॅपटॉपवर जागा शोधतोय. काही आरव्ही पार्क घरी बांधलेलं घर घेत नाहीत. शेजारच्या गावात नियम वेगळा. एका ठिकाणी जागा होती, पण गटारलाइन नाही. आठ महिने खपून, ४५ हजार डॉलर घालून, वाशाला वासा जोडून माणसाने घर बांधलं होतं. पूर्णपणे स्वतःचं, एक पैशाचं कर्ज नाही. फक्त ते ठेवायला जागा नव्हती.

तिसऱ्या रात्री तो म्हणाला, ‘थोरोचं नाव ऐकलंयस ना? वॉल्डनवाला?’ ऐकलं होतं. १८४५ मध्ये तळ्याकाठी दहा बाय पंधरा फुटांची झोपडी बांधून साधेपणाने राहिलेला लेखक. झोपडीचा खर्च त्याने अर्ध्या सेंटपर्यंत मांडून ठेवलाय, २८ डॉलर साडेबारा सेंट. ‘त्या हिशेबात जमिनीची किंमत नाही,’ दादा म्हणाला. ‘कारण जमीन त्याच्या मित्राची होती. इमर्सनची. आणि डी विल्यम्सचं घर? मित्रांच्या परसात. आपण सगळे घराचा हिशेब मांडतो गं. घर स्वस्तच असतं.’

मला एकदम वरळीची खोली वेगळी दिसायला लागली. ती १६० फुटांची कधी नव्हतीच. मुलं पॅसेजमध्ये वाढली, म्हातारे पॅसेजमध्ये बसले, लग्नाच्या पंगती चाळीच्या पटांगणात उठल्या. रात्री पुरुष माणसं बाहेर अंथरुणं टाकायची. खोली फक्त सामान ठेवायला आणि स्वयंपाकाला. आणि मुख्य म्हणजे तिथून उठ असं म्हणणारं कुणी नव्हतं. आजोबा गिरणी बंद पडल्यावर बेकार झाले, पण बेघर झाले नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटच्या चाव्या मिळाल्या, त्यात मामा होता. मी अमेरिकेला निघण्याआधी भेटायला गेले तेव्हा मामीने आधी कौतुकाने बाथरूम दाखवलं. दोनदा दाखवलं. मग चहा करता करता म्हणाली, ‘सगळं छान आहे गं. फक्त दार बंद असतं. दिवसभर कुणी येत नाही.’ तेव्हा मी ते मान डोलावून सोडून दिलं होतं.

त्या रात्री मी माझ्या होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला. त्याच्याकडे भर दुपार, ऑफिसच्या कँटीनचा कलकलाट. मी म्हटलं, ‘मला ती नोकरी नाही करायची.’

‘मग हप्ता?’

‘मग तो फ्लॅटही नको.’

तो गप्प. मागे कुणीतरी ‘दोन कटिंग’ म्हणून ओरडलं. मग म्हणाला, ‘म्हणजे आपण पण आता ट्रेलरवर राहायचं का?’ आवाजात टोमणा होता, पण घाबरलेला टोमणा. मी त्याला समजावलं की नाही रे बाबा, मुंबईत ट्रेलर लावायला जागा मिळाली तर तिथे कुणीतरी टॉवर बांधेल! मला चाकं नको आहेत. मला फक्त दादासारखी एक वही करायचीये. आपल्याला खरंच काय लागतं, त्याचं वजन किती, आणि ते कुणाच्या जिवावर ओढायचं.

आम्ही भांडलो. तो म्हणाला, मी स्वार्थी आहे. थोडी असेनही. त्याने सहा वर्षं पीजीमध्ये, सहा बाय चारच्या कॉटवर काढली आहेत आणि त्या फ्लॅटमधल्या बाल्कनीत बसून चहा प्यायचं त्याचं साधं स्वप्न होतं. माझ्या आईसारखंच त्याचंही खरं होतं. मग दोघांनी मिळून वही केली. मी पोर्टलंडहून, तो ठाण्याहून. स्विमिंग पूल पहिल्याच झटक्यात उडाला, दोघांनाही पोहता येत नाही! जिम उडाली. दुसरी बेडरूम बरेच दिवस अडून बसली, कारण त्याचे आई-वडील गावाहून येणार. मग त्यानेच लिहिलं, ‘वर्षातून किती दिवस?’ बाल्कनी राहिली. माझं काम राहिलं.

तर आता हिशेब असा. डोंबिवलीत रिसेलचा वन बीएचके, ४०० चौरस फुटांच्या आसपास. तीस लाखांचं लोन, पंधरा वर्षं, हप्ता साडेएकोणतीस हजार. त्याच्या एकट्याच्या पगारात बसतो आणि माझे श्रावणातले चेक वर. बघा ना, ज्या आकाराला अमेरिकेत ‘टायनी’ म्हणून व्याख्येत बसवावं लागतं, त्याला आमच्याकडे सरळ वन बीएचके म्हणतात! पाडव्याचा मुहूर्त टळला. टोकनचे सगळे पैसे परत मिळाले नाहीत. आई दोन आठवडे माझ्याशी तुटक बोलत होती. मग एक दिवस स्वतःहून म्हणाली, ‘बाथरूमला दार नीट आहे ना, तेवढं बघ. बाकी तुझं तू.’

दादाचं म्हणाल तर घर हललं. अकरा किलोमीटरवर दुसरं परस मिळालं, या वेळी दोन वर्षांचा लेखी करार करून. त्याने व्हिडिओ पाठवला. पुढे भाड्याचा मोठा ट्रक, मागे डुलत डुलत चाललेलं घर, खिडकीत अजून ते वाळलेलं तोरण. आत फक्त दोन कप फुटले. वासे फिरले, पण निखळले नाहीत. एकूण एक स्क्रू मी गवतातून शोधून दिला होता, त्याचं काहीतरी श्रेय मलाही!

निघताना त्याने मला त्याचा पंचवीस फुटी टेप भेट दिला. हल्ली फ्लॅट बघायला जाताना तो माझ्या पर्समध्ये असतो. एजंट हॉल दाखवायला लागला की मी दाराबाहेरच थांबते. परवा असंच झालं.

‘मॅडम, आत या ना. कार्पेट चारशे दहा आहे.’

‘येते. आधी हा पॅसेज मोजू द्या. आणि सांगा, शेजारची दारं दिवसा उघडी असतात का?’

तो माझ्याकडे बघतच राहिला. अजून उत्तर दिलेलं नाही त्याने.